चेनसॉची रेस का चढते?

चेनसॉचा एक्सलेटर सोडला की इंजिन मंद लयीत चालत राहिले पाहिजे आणि साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. या मंद चालीला कारागीर ‘स्लो’ किंवा ‘आयडलिंग’ म्हणतात. बहुतेक चेनसॉमध्ये ती मिनिटाला २५०० ते ३००० फेऱ्यांच्या आसपास असते. इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये वेगावर चालणारा क्लच असतो. फेऱ्या साधारण साडेतीन-चार हजारांच्या वर गेल्या की त्याचे लायनर बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात आणि साखळी पळू लागते. स्लोच इतका वाढला, तर एक्सलेटरवर बोट नसतानाही साखळी फिरत राहते. रेस चढलेली मशीन धोकादायक ठरते ती यामुळेच.

जंगलालगतच्या गावाचे उदाहरण घेऊ. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे नागझिऱ्याच्या जंगलाला लागलेले गाव आहे. अभयारण्यात जाण्याचे एक प्रवेशद्वार येथे आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. त्या हद्दीत चेनसॉला जागा नाही. हद्दीबाहेरही साग, ऐन, बिजा, मोह यांसारखी झाडे तोडायला १९६४ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तरीही अशा भागात या मशीनचे काम संपत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झाले की रस्त्यावर झाडे आडवी होतात, फांद्या विजेच्या तारांवर कलतात. धानाच्या निसरड्या बांधावरून मशीन हातात घेऊन चालणाऱ्या माणसाचा पाय घसरला, तर साखळी थांबलेली असणे हाच त्याचा आधार असतो.

बिघाड शोधण्याआधी इंजिन कसे चालते ते पाहिले पाहिजे. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. १९७२ साली आलेली लूना ज्यांनी चालवली, त्यांना पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकी भरणे आठवत असेल. येथेही तीच रीत आहे. हवा, पेट्रोल आणि ऑईल यांचे मिश्रण कार्बोरेटरमधून आधी क्रँकच्या पेटीत येते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. वाटेत ते क्रँकला आणि बेअरिंगला वंगणही देते. दुचाकीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तरंगणारा फ्लोट असतो. चेनसॉ मात्र झाड कापताना आडवा, उभा, कधी उलटाही धरावा लागतो. म्हणून त्यात वाटीऐवजी रबरी पडदा असतो. क्रँकच्या पेटीतील दाबाच्या धक्क्यांवर छोटा पंप चालून पेट्रोल ओढले जाते आणि पडदा ते मोजून पुढे सोडतो.

कार्बोरेटरवर बहुधा तीन स्क्रू दिसतात. ‘एल’ मंद चालीतील पेट्रोलचे प्रमाण ठरवतो, ‘एच’ पूर्ण वेगातील प्रमाण ठरवतो. ‘टी’ किंवा ‘एलए’ अशी खूण असलेला तिसरा स्क्रू हवेची झडप किती उघडी राहील ते ठरवतो. हाच स्लोचा स्क्रू. रेस चढली की हात सवयीने त्याच्याकडेच जातो. तो उलटा फिरवला तर आवाज उतरतोही, पण बिघाड दुसरीकडे असेल तर फक्त खूण झाकली जाते.

मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन वेगाने पळते. टाकीतील पेट्रोल संपत आले की बंद पडण्यापूर्वी मशीन क्षणभर मोठ्याने रेस मारते, हा अनुभव प्रत्येक चालकाला असतो. तेव्हा मिश्रण पातळ झालेले असते. तीच स्थिती कायम राहिली तर नुकसान मोठे होते. पेट्रोल कमी म्हणजे त्यातून येणारे ऑईलही कमी. पिस्टन तापतो, सिलिंडरवर ओरखडे उठतात आणि शेवटी इंजिन धरते.

म्हणून तपासणी सोप्या गोष्टींपासून सुरू करून क्रमाने पुढे न्यावी. इंजिन बंद करावे, थंड होऊ द्यावे आणि प्लगची टोपी काढून ठेवावी. प्रथम चोकचा खटका पाहावा. थंड मशीन सुरू करताना अर्ध्या चोकच्या जागी एक्सलेटर थोडा अडकवून ठेवलेला असतो. एक्सलेटर एकदा दाबून सोडला की तो सुटतो. तो सुटला नसेल तर रेस चढलेलीच राहते. पुढे एक्सलेटर दाबून सोडून पाहावा. तो झटकन मागे यायला हवा. मागच्या मुठीत भुसा आणि तेल यांचा चिकटा साचला, तार अडली किंवा झडपेची स्प्रिंग ढिली झाली, तर झडप पूर्ण मिटत नाही. येथे ब्रशने सफाई पुरते.

साखळी फिरते, पण इंजिनचा आवाज नेहमीसारखाच मंद आहे, असेही घडते. तेव्हा दोष कार्बोरेटरचा नसून क्लचचा असतो. क्लचची स्प्रिंग तुटली किंवा ताण हरवून बसली की लायनर कमी वेगातही ड्रमला धरतात. अशा वेळी स्प्रिंग बदलावी लागते. स्लो कमी करून पाहिला तर मशीन वारंवार बंद पडते.

यानंतर पेट्रोलचा मार्ग. टाकीतील नळीच्या टोकाला असलेला फिल्टर तुंबला, नळी कडक होऊन चिरली किंवा टाकीत हवा घेणारे छिद्र बंद झाले, तर पेट्रोल अपुरे येते. छिद्राची परीक्षा सोपी आहे. मशीन बंद करून ती थंड झाल्यावर टाकीचे झाकण हळूच सैल करावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि पुन्हा सुरू केल्यावर काही वेळ चाल सुधारली, तर दोष त्या छिद्रात आहे. महिनोन्‌महिने पडून असलेल्या मशीनमध्ये कार्बोरेटरचा पडदा ताठर झालेला सापडतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबराला सोसत नाही. पडदा आणि पॅकिंग यांचा संच बदलणे हाच त्यावरचा उपाय आहे.

एवढे करूनही रेस उतरत नसेल, तर हवा चोरवाटेने आत येत आहे असे समजावे. याची लक्षणे ओळखता येतात. एक्सलेटर सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, रेंगाळत उतरतो. स्लो एका जागी ठरत नाही. मशीन कुशीवर कलवली की चाल बदलते. प्लग काढला तर त्याचे टोक बदामी नसून पांढुरके दिसते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारा रबरी तुकडा चिरणे, त्याची पट्टी किंवा कार्बोरेटरचे नट थरथरीने सैल होणे, दाबाची छोटी नळी फुटणे, सिलिंडरखालचे पॅकिंग जाणे आणि क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सील झिजणे, ही नेहमीची ठिकाणे आहेत.

गळती शोधण्यासाठी काही जण चालत्या इंजिनवर क्लीनरचा फवारा मारतात. गरम सायलेन्सरजवळ त्याने आग लागू शकते. सुरक्षित रीत कारागिराच्या टेबलावरची आहे. सायलेन्सरची आणि कार्बोरेटरची तोंडे बंद करून हातपंपाने सुमारे अर्धा बार दाब द्यायचा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. जेथे बुडबुडे येतात तेथे गळती असते. त्यानंतर तेवढीच हवा बाहेर ओढूनही तपासायचे, कारण काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला सोडतात.

दोष दूर झाल्यावरच स्क्रूला हात लावावा. हवेचा फिल्टर स्वच्छ करावा, साखळीचा ताण नीट असावा. मशीन सपाट जमिनीवर ठेवावी, मागच्या मुठीत पाय घट्ट रोवावा, पाते कशालाही टेकू नये आणि समोर कोणी उभे राहू नये. इंजिन काही मिनिटे तापू द्यावे. ‘एल’ स्क्रू हळूहळू फिरवून चाल जेथे सर्वांत वेगवान होते ती जागा शोधावी आणि तेथून तो थोडा बाहेर, म्हणजे डावीकडे, घ्यावा. मग स्लोचा स्क्रू डावीकडे फिरवत साखळी पूर्ण थांबेपर्यंत चाल उतरवावी. एक्सलेटर दिल्यावर इंजिन अडखळले तर ‘एल’ आणखी किंचित उघडावा. ‘एच’ स्क्रू अंदाजाने फिरवू नये. फेऱ्या मोजणाऱ्या मीटरशिवाय तो बसवला तर पिस्टन जळण्याचा धोका असतो.

रेस पुन्हा चढू नये यासाठी मिश्रण ताजे आणि मोजून केलेले असावे. ५० ला १ या प्रमाणात १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल लागते, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. कोणते प्रमाण घ्यायचे ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते. काळजीपोटी ऑईल जास्त ओतल्याने फायदा होत नाही. मिश्रणातील पेट्रोलचा वाटा घटतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी धरते. महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच मशीन ठेवून द्यावी.

दुरुस्ती नीट झाली की नाही हे तीन गोष्टींवरून कळते. एक्सलेटर सोडताच आवाज लगेच खाली येतो, मशीन कोणत्याही कुशीवर कलवली तरी चाल बदलत नाही आणि साखळी जराही हलत नाही. यांपैकी एक जरी जुळत नसेल, तर ती मशीन कामावर न नेता पुन्हा तपासणीला घ्यावी.