कार्डावरची ओळख

वाण्याच्या दुकानातील ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. उधारीला ओळख लागते, आणि अनोळखी दुकानात ओळख पटविणारा तुकडा म्हणजेच कार्ड होय. १९५० साली न्यूयॉर्कच्या डायनर्स क्लबने पुठ्ठ्याचे कार्ड काढले. ते अनेक उपाहारगृहांत चाले. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने तर कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे ६० हजार कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने घरोघर धाडली.

ओळख पटविण्याची रीत मात्र बदलत गेली. प्रथम दुकानदार सही ताडून पाही. पुढे चुंबकीय पट्टी आली. परंतु तिच्यावरील माहिती कायम तीच, म्हणून चोराला तिची नक्कल करणे सोपे. आजची चिप प्रत्येक व्यवहाराला नवे सांकेतिक उत्तर देते. जुने उत्तर चोरून उपयोग नाही. नुसते टेकवावयाच्या कार्डात या चिपेला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते. यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात कार्ड आले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते व तिच्यावर चिप चालते. अंतर अवघे काही सेंटिमीटर.

पिन दाबण्याचा वेळ वाचला. पण कार्ड हरवले तर सापडेल तो ते टेकवील. म्हणून रकमेला मर्यादा असते. ब्रिटनमध्ये ती २००७ साली १० पौंड होती, २०२१ साली १०० झाली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून २,००० रुपयांची मर्यादा ५,००० वर गेली. मर्यादा वाढते तशी आपली जोखीमही वाढते. ही सोय नको असल्यास बंद ठेवता आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याचा उपयोग करावा.

वाचलेला वेळ कोणाच्या पदरी पडतो, हे आम्हां कामगार चळवळीतील माणसांना विचारावेसे वाटते. लंडनच्या बसगाड्यांनी ६ जुलै २०१४ पासून रोख भाडे घेणे बंद केले. कंडक्टर बहुतेक मार्गांवरून त्याआधीच गेले होते. थांब्यावरचा खोळंबा कमी झाला, चालकाची मोड मोजण्यातून सुटका झाली. हा लाभ खरा आहे. पण ज्याच्या खिशात नाणीच आहेत त्याने रात्री घरी कसे जावे? कंडक्टर एखादे वेळी डोळेझाक करी. यंत्राला डोळाच नाही. म्हणून तेथील परिवहन संस्थेला, ऑयस्टर कार्डात पुरते पैसे नसले तरी आणखी एक फेरी करता येईल, अशी सोय मुद्दाम करावी लागली.

यंत्राला आमचा विरोध नाही. मात्र आपल्या गावी एखादी खिडकी रोखीला बंद होऊ लागेल, तेव्हा दोन गोष्टी आधी विचाराव्यात : कार्ड नसलेल्याची व्यवस्था काय, आणि खिडकीमागच्या माणसाला पुढे कोणते काम? उत्तर मिळेपर्यंत खिडकी उघडी ठेवण्याचा आग्रह धरावा, असे आमचे मत आहे.