अवरक्त शोषण आणि ‘संपृक्तते’चा आक्षेप

वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडविषयी एक आक्षेप विभागातील चर्चांतून वारंवार डोके वर काढतो, आणि तो घेणारा विद्यार्थी बहुधा हुशारांपैकीच असतो. १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे प्रारण भूपृष्ठालगतच्या हवेतच जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. मग वायू वाढला म्हणून अधिक ते काय शोषले जाणार? अर्‍हेनियस यांच्या १८९६ च्या गणितावर क्नुट आँगस्ट्रॉम यांनी १९०० साली हीच हरकत घेतली होती. नळीतील वायूचे प्रमाण कमी केले तरी शोषणात नगण्यच फरक पडतो, हा त्यांचा आधार होता. पुढे कित्येक दशके बहुतेकांनी हा प्रश्न निकालात निघाल्याचे मानले.

सदोष होते ते त्या मोजणीवरून काढलेले अनुमान. वातावरणाचा थर ज्या तरंगलांबीचे प्रारण शोषतो, त्याच तरंगलांबीचे उत्सर्जनही करतो, आणि तेही आपल्या स्थानिक तापमानानुसार. श्वार्झशिल्ट समीकरणात ही दोन्ही पदे शेजारी-शेजारी असतात. भूपृष्ठ व वातावरण सर्वत्र एकाच तापमानाचे असते, तर शोषक कितीही वाढविला तरी बाहेर जाणारे प्रारण तेवढेच राहिले असते! सारा परिणाम उंचीगणिक घटणाऱ्या तापमानावर अवलंबून आहे.

अवकाशात निसटणारे प्रारण मुख्यतः ज्या थरातून निघते, त्याच्या वरील वातावरणाची प्रकाशीय जाडी सुमारे एक असते. वायू वाढला की हा थर वर सरकतो. क्षोभावरणात वर म्हणजे अधिक थंड. साहजिकच उत्सर्जन घटते, आणि ते पूर्ववत होईपर्यंत खालचे तापमान वाढत राहते. शिवाय उंचीवर दाब कमी असल्याने वर्णरेषा अरुंद होतात, म्हणून भूपृष्ठाजवळची संपृक्तता तेथे तशीच लागू पडत नाही.

निंबस-४ या उपग्रहाने १९७० साली सहारावरून घेतलेला वर्णपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. वातावरणीय खिडकीत तापमान सुमारे ३२० के. दिसते, तर १५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात सुमारे २२० के. पट्ट्याच्या ऐन मध्यावर एक छोटा उंचवटा आहे. तेथील प्रारण स्तरावरणातून येते, जेथे तापमान उंचीबरोबर वाढते. वायूवाढीचा मुख्य परिणाम मात्र पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर घडतो. मध्यापासून दूर जाताना शोषणगुणांक स्थूलमानाने घातीय रीतीने घटत असल्याने, वायू दुप्पट झाला की पट्टा दर वेळी जवळपास तेवढाच रुंदावतो. दर चौरस मीटरला सुमारे ४ वॉट हा परिचित आकडा या प्रत्येक दुपटीचा आहे.