एका लिटराचा जमाखर्च

नवी मोटार घेण्यास निघालेल्या आपल्याकडील गृहस्थाचा शोरूममधील पहिला सवाल ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असतो, आणि त्यावर विक्रेता जो आकडा सांगतो तो 1966 साली स्थापन झालेल्या, पुण्यातील वेताळ टेकडीवरच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत रोलरांवर गाडी चालवून, वेग ठरावीक क्रमाने वाढवीत-घटवीत आणि ताशी 90 किलोमीटरच्या वर न नेता काढलेला असतो. हा आकडा खोटा नव्हे. एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यास तो पुरेसा प्रमाणभूत आहे. परंतु सिंहगड रस्त्यावरील संध्याकाळची कोंडी किंवा ताम्हिणीचा चढ त्यात धरलेला नसल्यामुळे प्रत्यक्ष रस्त्यावर तेवढे ॲव्हरेज बहुधा पडत नाही, आणि मालक मग कंपनीला, पेट्रोलपंपाला किंवा अलीकडे इथेनॉलला दोष देऊन मोकळा होतो. इथेनॉलविषयीची तक्रार निराधार नाही, कारण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, आणि शेकडा 20 इथेनॉल मिसळले की इंधनाची ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या मानाने शेकडा सहा-सात घटते. तथापि याहून मोठी गळती चालकाच्या उजव्या पायाखाली होत असते, आणि ती रोखणे सर्वस्वी त्याच्या अखत्यारीतील बाब आहे.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल, म्हणजे घरच्या विजेच्या मीटरवर जवळजवळ 9 युनिट भरतील एवढी ऊर्जा साठलेली असते. शहराच्या रहदारीत यातील चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचला तरी पुष्कळ. उरलेली सारी रेडिएटरच्या आणि सायलेन्सरच्या वाटेने उष्णता होऊन निघून जाते. चाकांच्या वाट्याला आलेल्या ऊर्जेचा विनियोग मुख्यतः तीन ठिकाणी होतो: काही टायर घेतात, काही समोरची हवा घेते, आणि काही ब्रेक खातात. पहिल्या दोघांना दिलेल्या रकमेच्या मोबदल्यात गाडी निदान पुढे तरी जाते. ब्रेकने घेतलेली रक्कम मात्र मुळातच बुडीत खात्यात जमा होते, कारण पेट्रोल जाळून मोठ्या सायासाने कमावलेला वेग तेथे केवळ लोखंड तापविण्यात खर्ची पडतो.

याचा प्रत्यय सिग्नलपाशी येतो. माणसांसह 1200 किलो भरणारी एखादी लहान गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली आहे आणि दोन-अडीचशे मीटरवर लाल दिवा लागलेला स्पष्ट दिसतो आहे, असे समजा. एक चालक तोच वेग कायम ठेवून पुढील गाडीच्या बंपरपाशी येतो आणि कचकन ब्रेक दाबतो. दुसरा लाल दिवा दिसताक्षणी ॲक्सिलरेटरवरील पाय उचलतो, गाडी गियरमध्येच ठेवतो, आणि ती आपसूक मंदावत पोहोचेपर्यंत पुष्कळदा दिवा हिरवा झालेला असून त्याला थांबावेच लागत नाही. पहिल्याचा हिशेब केला तर असे आढळते की, ही गाडी 60 पर्यंत नेऊन चाळीस-पन्नास वेळा ब्रेकने थांबविली की एक संपूर्ण लिटर निव्वळ ब्रेकच्या नावे खर्ची पडते. पुण्या-मुंबईत एवढे थांबे आठवडाभरात सहज होतात. म्हणून रस्त्याचे अवलोकन दूरवर करणे, पुढील वाहनापासून ऐसपैस अंतर राखणे, आणि ब्रेकवर पाय पडलाच तर आपली नजर कोठे कमी पडली याचा विचार करणे, हे मितव्ययी चालकाचे खरे शिक्षण होय.

गियरच्या बाबतीत आपल्याकडे उगीचच भीती बाळगली जाते. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ती अर्धवट मिटलेली असताना इंजिनाला, पंपाच्या नळीचे तोंड बोटाने दाबून दांडा ओढावा तशी, हवा ओढण्यासाठीच शक्ती खर्चावी लागते. खालच्या गियरमध्ये इंजिन भराभर फिरवीत आणि झडप जेमतेम उघडी ठेवीत चालविण्यापेक्षा लवकर वरच्या गियरमध्ये जाऊन पाय थोडा अधिक दाबणे म्हणूनच किफायतशीर ठरते. इंजिन थरथरू लागले किंवा नॉक करू लागले, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता गियर उतरवावा. त्या अवस्थेत रेटण्याने होणारे नुकसान कोणत्याही बचतीने भरून येणारे नाही.

शहराबाहेर पडले की ब्रेकची जागा वारा घेतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 80 वरून 100 वर जाताना तो दीडपटीहून अधिक होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे 95 किलोमीटरांचा आहे. घाट आणि गर्दी क्षणभर बाजूला ठेवली तर तो ताशी 100 ने 57 मिनिटांत आणि 80 ने 71 मिनिटांत संपतो. या 14 मिनिटांची किंमत प्रत्येकाने आपल्या निकडीनुसार ठरवावी. मला स्वतःला ती फाजील वाटते. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने सबंध देशासाठी ताशी 55 मैलांची वेगमर्यादा घालून दिली, तिच्या मुळाशी हेच भौतिकशास्त्र होते. ट्रकच्या अगदी मागे चिकटून त्याच्या आडोशाने वारा चुकविण्याची युक्ती काही जण सांगतात. ती बचत खरी असली तरी जिवावर उदार होऊन केलेली असल्यामुळे सर्वथा त्याज्य आहे.

गाडीत करावयाच्या फेरफारांविषयी माझे मत असे की, जोडण्यापेक्षा काढण्यात फायदा अधिक. दिवाळीच्या प्रवासासाठी टपावर बसविलेले कॅरिअर पुढील मे महिन्यापर्यंत तसेच रिकामे हिंडत राहते आणि वाऱ्याला कर भरीत असते. ते उतरवून ठेवावे. शोभेसाठी बसविलेले रुंद टायर आणि जड रिम हेही ॲव्हरेजच्या मुळावर येतात. याउलट टायरची हवा ही जवळजवळ फुकट मिळणारी सुधारणा आहे. चालकाच्या दाराच्या खांबावर कंपनीने लावलेल्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या चाकांचे दाब लिहिलेले असतात. ते थंड टायरसाठी असल्यामुळे सकाळी, गाडी फार चाललेली नसताना मोजावेत. दहा-बारा किलोमीटर चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो आणि पंक्चरवाला प्रामाणिकपणे, पण चुकीने, हवा कमी करून देतो.

पेट्रोलच्या नळीवर बसवायची लोहचुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून वायू करून इंजिनात सोडणाऱ्या बाटल्या यांवर कृपा करून पैसे घालवू नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि लक्षणीय व निर्वेध लाभ देणारे जवळजवळ एकही तिला आढळले नाही. सीएनजीचे किट हा निराळा, खर्च खरोखर कमी करणारा मार्ग आहे. मात्र ते मान्यताप्राप्त असावे आणि त्याची नोंद आरटीओच्या दप्तरी आरसी बुकावर रीतसर करून घ्यावी.

आता ज्या एका सवयीविषयी मला कळकळीने लिहावयाचे आहे ती म्हणजे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तिच्यामागे काही तथ्य होते, आणि ती सवय बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून क्लीनरकडे चालत आली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गियरमध्ये असून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की, पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो आणि चाके इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. सौम्य उतारावर न्यूट्रलमधील गाडी लांबवर जाते हे मान्य. परंतु घाटात लांब जाणे हा प्रश्न नसून वेग आवरणे हा असतो. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना गाडी सुमारे 500 मीटर खाली उतरते. एवढ्या उतरणीत आपल्या त्या 1200 किलोच्या गाडीतून जी ऊर्जा मुक्त होते ती सुमारे 20 लिटर पाणी 30 अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेल. हवा आणि टायर तिचा काही वाटा उचलतात. इंजिनाला गियरमधून सोडविले की बाकीचा सारा ब्रेकवर येतो, ब्रेक तापून त्यांची पकड ढिली पडते, आणि चाकावर बसलेल्या माणसाला हे पायाखालचे पेडल खोल जाऊ लागेपर्यंत कळत नाही. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होते. तेव्हा आपल्या घरात जो कोणी घाटात गाडी चालवीत असेल, त्याला हा हिशेब समजावून सांगा, आणि खंबाटकी असो, कसारा असो की आंबोली, उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्येच ठेवण्यास सांगा. तेथे पेट्रोल त्यातच वाचते.