क्रॉन मिनिटे मोजत नाही

रोज रात्री डेटाची प्रत काढणे, जुन्या फायली पुसणे अशी ठरावीक वेळची कामे युनिक्स आणि लिनक्स संगणकांवर 'क्रॉन'कडे सोपवतात. क्रॉन हा डीमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आहे. त्याच्या क्रॉनटॅबमध्ये (कामांच्या वेळापत्रकाची फाइल) प्रत्येक ओळीत आधी मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने असतात, मग आज्ञा.

मिनिटाच्या रकान्यात '*/45' लिहिले की काम दर 45 मिनिटांनी होईल, असे अनेकांना वाटते. चिन्ह तसे वाचता येते, त्यामुळे हा समज स्वाभाविकच आहे. पण क्रॉन मागच्या खेपेपासूनचे अंतर मोजत नाही. शाळेत घंटा देणाऱ्या शिपायासारखे त्याचे काम आहे: दर मिनिटाला घड्याळ पाहायचे आणि वेळापत्रकाशी जुळले की टोल द्यायचा. '*/45' मध्ये प्रत्येक तासाची 0 आणि 45 ही दोनच मिनिटे बसतात. म्हणून काम 9:00, 9:45 आणि लगेच 10:00 ला होते.

वर्गातला धडा संपला का, हे शिपाई विचारत नाही. तसेच आधीची खेप चालू असतानाही क्रॉन पुढची सुरू करतो. ते टाळायला 'फ्लॉक' ही आज्ञा जरूर वापरावी. संगणक बंद असताना हुकलेले काम तो सहसा भरून काढत नाही. त्यासाठी 'अ‍ॅनाक्रॉन' आहे.

आणखी एक: सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर आपल्या पहाटे 2 चे काम आदल्या तारखेच्या 20:30 ला लिहावे लागते.