खतावणीतील एक पान

व्यापारी घरात वाढलेल्या वाचकांना रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद सांगावयास नको. कीर्दीत दिवसभराचे सारे व्यवहार क्रमाने उतरतात. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे स्वतंत्र पान असते. शिक्षणासाठी आपला समाज जे देत आला, त्याची कीर्द भरगच्च आहे. खतावणी मात्र आपण मांडलीच नाही, असे मला निवृत्तीनंतर वाटू लागले आहे.

कीर्दीचा अभिमान वाटावा असेच सारे आहे. चतुर्विध दानांत ज्ञानदानाला मानाचे स्थान आहे. बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून पिढ्या घडवीत आहे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचे श्री वर्धमान विद्यालय आहे. इमारती आहेत, देणगीदारांच्या नावांच्या कोनशिला आहेत. पण एखादे मूल कोठे अडले आहे, याची नोंद कोणाजवळ असते?

ही उणीव मला माझ्याच चुकीने शिकविली. नोकरीच्या काळात या भागातील एका शाखेत कर्जाचे टेबल माझ्याकडे होते. इंदापूर तालुक्यातील एका लहान किराणा दुकानदाराची मुलगी शैक्षणिक कर्जासाठी आली. औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळाला होता. पहिल्या खेपेस मी उत्पन्नाचा दाखला मागितला, दुसऱ्या खेपेस महाविद्यालयाचे शुल्कपत्रक, तिसऱ्या खेपेस वडिलांच्या सह्या. प्रत्येक खेपेस एस.टी.चा प्रवास आणि दुकानाचा एक दिवस बंद. नियमाने मी चुकलो नव्हतो. परंतु सर्व कागदांची यादी पहिल्याच दिवशी लिहून द्यावी, एवढे मला सुचले नाही. शुल्काची मुदत टळली. पुढील वर्षी ती आलीच नाही. चार लाखांपर्यंतच्या अशा कर्जास सामान्यतः तारण लागत नाही, हे त्या घराला आधी सांगणारा एक जाणता शेजारी असता, तर कदाचित ते वर्ष वाचले असते.

पैशापेक्षा माणसांची साखळी मोठी असते, याचा दाखला आपल्याच समाजात आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवली. अन्नाला पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य जमविण्याची रीतही या चळवळीने रुजविली. मूठभर धान्य देणारी गृहिणी श्रीमंत नव्हती; पण त्या मुलांच्या शिक्षणात तिचा वाटा होता.

आज धान्याची मूठ नको, वेळेची मूठ हवी. बारामती आणि इंदापूर यांमध्ये सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही पेठांतील दहा-दहा घरांनी एकत्र यावे आणि पंधरा-वीस मुलांची खतावणी मांडावी. प्रत्येक पानावर मुलाला काय येते, काय अडते आणि पुढील तारीख कोणती, एवढेच लिहावे. निवृत्त शिक्षिकेने आठवड्यातून एक तास वाचन घ्यावे. सनदी लेखापालाने बारावीच्या मुलास आपल्या कचेरीत बसू द्यावे. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी कर्जाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज पाहावेत. केंद्र शासनाने जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी त्यामुळे कोणत्या योजनांचा लाभ घेता येतो, याची चौकशी अनेक घरांत अद्याप होत नाही.

एक सावधगिरी हवी. सर्वांचे माप एकाच तराजूत करू नये. गल्ल्यावर बसून तोंडी हिशेब चुकता न करणारा मुलगा वर्गात गणितात नापास होतो, तेव्हा उणीव बुद्धीची नसून शिकविण्याच्या रीतीची असू शकते. वस्तूला अनेक बाजू असतात, हे आपण स्वाध्यायात ऐकतो. मुलालाही त्या असतात. आणि या खतावणीत आपल्या दुकानातील हमालाच्या, दिवाणजीच्या मुलाचेही पान असावे.

त्या मुलीचे पान मी मांडले नव्हते. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आपल्या चोपड्यांशेजारी अशी एक कोरी वही ठेवावी, एवढीच विनंती. जय जिनेंद्र.