आमची फियाट का बंद पडायची?

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी, पण गावात सगळे तिला फियाटच म्हणतात. ही गाडी मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच असायच्या. त्या 2023 साली बंद झाल्या. आमची मात्र आहे.

यंदा आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला जायचे होते. आजोबांना नीट दिसत नाही म्हणून गाडी दोन वर्षे छपरात उभीच होती. आमच्या वाई तालुक्यातून साताऱ्यापर्यंत हळूहळू छान गेली. हायवेला बाबांनी वेग वाढवला आणि गाडी ओढेनाशी झाली. मग आचके दिले आणि बंद पडली. दहा मिनिटांनी परत चालू! कराडच्या पुढे तीनदा असेच झाले. मिरजेला पोचलो तर आमचा नंबर निघून गेला होता. पंधरा दिवसांनी या, असे सांगितले. बाबा रागाने म्हणाले, "ही आता भंगारात घालतो." आजोबा काहीच बोलले नाहीत.

एका गॅरेजात प्लग बदलले, कॉईल बदलली. पैसे गेले, पण गाडी तशीच.

मग आजोबा म्हणाले, "पसरणीच्या घाटात घे गाडी. मी ऐकतो." मीपण मागे बसलो. निम्म्या घाटात गाडी मरायला लागली. आजोबा डोळे मिटून म्हणाले, "आरं, ठिणगीचं दुखणं न्हाय हे. ही उपाशी मरतीया."

मी विचारले, कसे ओळखले? त्यांनी चुलीचे उदाहरण दिले. चुलीला लाकूड, वारा आणि काडी लागते. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. ठिणगी गेली तर बहुतेक वेळा दिवा विझावा तसे इंजिन एकदम बंद होते. पेट्रोल कमी पडले तर आधी जोर जातो, मग आचके, मग बंद. सपाट रस्त्याला हळू जाताना पेट्रोल थोडे लागते, तेवढे येत होते. घाटात आणि वेगात जास्त लागते, तिथे पुरत नव्हते. उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली तरी असेच होते. तेव्हा पंपावर ओले फडके टाकतात. आम्ही टाकले, पण उपयोग झाला नाही.

गावातल्या मेस्त्रीकाकांनी कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली आणि स्टार्टर मारला. (हे मोठ्यांनीच करायचे, जवळ विडी-काडी नको.) आधी पेट्रोलच्या चांगल्या पिचकाऱ्या आल्या, नंतर धार बारीक झाली. मग त्यांनी टाकी उतरवली. आतून विटेच्या चुऱ्यासारखा लाल गंज निघाला, ओंजळभर! तो नळीच्या तोंडाशी जाऊन बसायचा. गाडी थांबली की खाली पडायचा, म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालू व्हायची. मला याची फार गंमत वाटली.

गंज आला कुठून? टाकी अर्धी रिकामी होती. रात्री गारठ्याने आतल्या हवेतले पाणी पत्र्यावर धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसते. शिवाय आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याकडच्या उसापासूनही करतात. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याने खराब होऊ शकतात. काकांनी नळ्याही बदलल्या.

टाकीत खडे घालून ती खळाखळा हलवली, धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. हलवायला मीपण होतो.

पंधरा दिवसांनी पहाटे निघालो. आजोबा पुढे बसून कान देऊन ऐकत होते. कराड गेले, तासगाव गेले, गाडी एकदाही थांबली नाही. मिरजेला आमचा नंबर तिसरा होता. आता आजोबांच्या डोळ्याची पट्टी निघाली आहे. काल त्यांनी गाडीचा बॉनेट उघडून बघितला आणि बाबांना म्हणाले, "किती रं धूळ ठेवलीस!"

— इयत्ता 4 थी