गाडी जमिनीला बांधा

भंडारदऱ्याच्या आसपास, शेंडीपासून रतनवाडीपर्यंतच्या वाड्या-वस्त्यांत मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. राजूरचा बाजार, अकोल्यातली सरकारी कामे, रात्री-अपरात्री दवाखाना, सारे तिच्यावर चालते. दिवसभर राबलेली ही गाडी रात्री ओट्याशी किंवा पडवीत उभी राहते. तिचे संरक्षण म्हणजे हँडल लॉक आणि आत खिळ्याला टांगलेली किल्ली. ही व्यवस्था कंपनीने बाजारात गाडी थोडा वेळ उभी करण्यापुरती दिलेली आहे. रात्रीचे सात-आठ तास, अंधार आणि झोपलेले घर यांच्यासाठी ती पुरत नाही. घरच्या गाडीच्या बाबतीत कुलूप किती महाग आहे यापेक्षा गाडी कशाला बांधली आहे हा प्रश्न मोठा आहे, आणि आपण तोच विचारत नाही.

हँडल लॉक का तुटते, याचे उत्तर शाळेत शिकलेल्या तरफेत आहे. हँडलचे टोक त्याच्या मध्यापासून साधारण ३५ सेंटिमीटर लांब असते, तर लॉकची पोलादी कांडी मध्यापासून जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरवर अडकते. म्हणजे टोकाला दिलेला जोर कांडीवर बारा-चौदा पट होऊन पोचतो. टोकावर ३० किलो वजनाइतका रेटा दिला तर त्या बोटभर कांडीवर जवळजवळ ४०० किलोंचा भार येतो, आणि झटका दिला तर त्याहून अधिक. इग्निशनच्या किल्लीची गोष्टही फार वेगळी नाही. ती इंजिनला कुलूप घालत नाही, फक्त विजेचा एक जोड उघडते किंवा मिटते, म्हणून तर गाडी ‘डायरेक्ट’ करता येते. किल्लीतल्या चिपशी ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारी यंत्रणा मोटारींत रुळली आहे. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या आपल्या बहुतेक गाड्यांत ती नसते. त्यातून अशा गाडीचे वजन ११०-१२० किलो. चाकाला डिस्क लॉक असले तरी दोघे-तिघे तिला उचलून टेम्पोत ठेवू शकतात. चाक फिरत नाही एवढ्याने गाडी जागेवर राहते असे नाही.

बैलाला नुसते दावे बांधून कोणी मोकळा सोडत नाही. दाव्याचे दुसरे टोक खुंट्याला लागते. गाडीला आपण दावे घेतो आणि खुंटा विसरतो. बाजारात जमिनीत कडी रोवून ठेवणे आपल्या हाती नसते, ते घरीच जमते. जाड सळईची यू आकाराची कडी कोणताही वेल्डिंगवाला वाकवून देतो. मात्र ती फरशीवर दोन बोल्टनी बसवली तर काम फुकट जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या सुमारे एक दशांशच असते. त्यामुळे उथळ बोल्ट पहारीने उचकटला की भोवतालच्या काँक्रीटचा शंकू घेऊनच वर येतो. कडीचे पाय फूट-दीड फूट खोल जावेत, खाली आडव्या सळईला वेल्ड केलेले असावेत आणि वर फक्त साखळी जाईल एवढाच भाग राहावा. त्या भागावर लोखंडी पाइपाचा सैल तुकडा आधीच ओवून ठेवला तर हॅकसॉचे पाते टेकताच पाइप फिरतो आणि पात्याला पकड मिळत नाही. साखळी पुढच्या चाकातून नेऊ नये, कारण ते चाक एका आसाच्या नटावर सुटते. ती मागच्या चाकातून आणि चेसिसमधून न्यावी, आणि जमिनीवर लोळू देऊ नये. साखळी जमिनीवर असली की बोल्ट कटरचा एक दांडा खाली टेकवून दुसऱ्यावर सगळे अंग टाकता येते. ती अधांतरी, घट्ट असली तर सारा जोर हातांनीच लावावा लागतो.

इथला पाऊस हा या व्यवस्थेचा खरा शत्रू आहे. घाटमाथ्यावरच्या ओलीत लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. कुलपाच्या आतल्या बारीक पिनांना सरकायला तेवढी फट उरत नाही, किल्ली अडते, आणि आषाढात दोनदा अडलेले कुलूप माणूस श्रावणात लावतच नाही. म्हणून तोंडाला झाकण असलेले कुलूप घ्यावे, किल्लीचे भोक खाली राहील असे लावावे आणि घट्ट तेलाऐवजी ग्रॅफाइटची भुकटी वापरावी, कारण तेलाला धूळ चिकटून राहते. पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींत घरातल्यांना बाहेरची खुडबूड ऐकू येत नाही, हेही लक्षात ठेवावे. आवाजावर विसंबलेला अलार्म नेमका तेव्हाच कमी उपयोगी ठरतो.

‘ज्याला चोरायचीच आहे तो ग्राइंडर आणेल’ हा आक्षेप खरा आहे. ग्राइंडरपुढे कोणतीही साखळी कायमची टिकत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. पश्चिम जर्मनीत १९८० पासून हेल्मेट नसलेल्या मोटारसायकलस्वारांना जागेवरच दंड होऊ लागला. कायद्याचा हेतू डोकी वाचवण्याचा होता, पण मोटारसायकलींच्या चोऱ्या सहा वर्षांत दीड लाखाच्या घरातून सुमारे ५५ हजारांवर आल्या. संधी साधून गाडी पळवणाऱ्याकडे हेल्मेट कुठून असणार? त्याच काळात मोटारींच्या किंवा सायकलींच्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे बरेच चोर पक्का इरादा करून निघालेले नव्हते. छोटीशी अडचण त्यांना पुरली. साखळीचे कामही तेवढेच आहे: दोन मिनिटांचे काम दहा मिनिटांवर नेणे, मुकाट्याने होणारे काम ठिणग्या उडवत करायला लावणे.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त टोचतो: मग चोर शेजाऱ्याची गाडी नेईल. याचाही अनुभव जगाला आहे. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या-जुन्या सर्व मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचे केले आणि चोऱ्या घटल्या. ब्रिटनने १९७१ मध्ये ते फक्त नव्या मोटारींना लावले, तेव्हा चोर जुन्या मोटारींकडे वळले. एकट्याने कडी रोवली तर संकट शेजारी सरकते, वाडीने रोवली तर ते कमी होते. गावात अनोळखी माणूस लगेच नजरेत भरतो, हा जुना आधार इथे तसाही पातळ झाला आहे. काजव्यांच्या हंगामात, मे-जूनच्या रात्री, परक्या गाड्यांची ये-जा हीच नेहमीची गोष्ट असते. होमस्टेच्या अंगणात पाहुण्यांच्या पाच-सहा गाड्या उभ्या असतात, त्यातली कोणी नेली तर ती मालकच नेत असेल असे कोणालाही वाटेल. होमस्टेवाल्यांनी तर कड्यांची ओळच करावी.

जीपीएस ट्रॅकरवर फार भिस्त ठेवू नये. ते यंत्र उपग्रहांचे संकेत फक्त ऐकते. आपली जागा कळवायला त्याला मोबाइलचे जाळे लागते. कळसूबाईच्या रांगेतल्या दऱ्याखोऱ्यांत ते जागोजागी तुटते. गाडी लोखंडी पेटीच्या टेम्पोत गेली तर दोन्ही संकेत मंदावतात. शोधाला मदत म्हणून ट्रॅकर ठीक, पण तो चोरी थांबवत नाही. विम्याचेही तसेच. कायद्याने सक्तीचा आहे तो तृतीय पक्षाचा विमा, आणि त्यात चोरी येत नाही. पूर्ण विमा असला तरी गाडीची ग्राह्य किंमत पाचव्या वर्षी निम्म्यावर आलेली असते.

चेसिस आणि इंजिन क्रमांक मात्र कागदावर, फोटोसह, घरात असू द्या. चोर क्रमांक घासतात. पण ठसा मारताना त्याखालचे पोलाद दबून बदललेले असते, आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत योग्य आम्ल-द्रावण लावले की पुसलेले आकडे अनेकदा पुन्हा उमटतात. ते जुळवायला आपल्याकडे मूळ नोंद हवी. आणि यंदा पावसाआधी ओट्याचे काँक्रीट करणार असाल, तर कडी आधीच आणून ठेवा. ओल्या काँक्रीटमध्ये ती बसवणे सोपे असते. नंतर ओटा फोडावा लागतो.